स्कोप्येच्या गिऱ्हाइकाला थेसालोनिकीच का हवं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शिरोलीच्या तुमच्या फाउंड्रीतून पंपाची आणि व्हॉल्व्हची कास्टिंग उत्तर मॅसिडोनियात, स्कोप्येच्या एका कारखान्याला पाठवायची आहेत. पहिला वीस फुटी कंटेनर आहे. गिऱ्हाईक सांगतंय, माल उत्तर ग्रीसमधल्या थेसालोनिकी बंदरात उतरवा. तुमचा फॉरवर्डर, म्हणजे मालाची वाहतूक ठरवून देणारा एजंट, सांगतोय, पिरेअस घ्या, ग्रीसमधलं सगळ्यात मोठं बंदर आहे, भाडंही कमी पडेल. आणि तुम्हाला शंका अशी, की एवढं मोठं बंदर सोडून 'दुय्यम' बंदराचा हट्ट धरण्यात गिऱ्हाइकाचा काही डाव तर नाही?

डाव नाही. मी न्हावा शेवाला फॉरवर्डिंगमध्ये चोवीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी बाल्कनच्या मालावर. थेसालोनिकी मागणारं स्कोप्येचं गिऱ्हाईक म्हणजे मिरज सोडून कोल्हापूरचं तिकीट मागणारा कोल्हापूरकर. मिरजेला गाड्या जास्त थांबतात हे खरंच आहे, पण म्हणून कोणी मिरजेला उतरून तिथून घरापर्यंत रिक्षा करत नाही.

तुमचा खरा प्रश्न बंदर मोठं की लहान हा नाहीच. धक्क्यावर उतरलेला डबा कारखान्याच्या दारापर्यंत न्यायचा खर्च आणि धोका कोणाच्या खिशातून जाणार, हा आहे. तुमच्या फॉरवर्डरनं समुद्राचा हिशेब केला, गिऱ्हाइकानं जमिनीचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आधी 'दुय्यम' या शब्दाचं बघू. आकड्यांत पाहिलं तर पिरेअस वर्षाला ५० लाखांच्या आसपास टीईयू (वीस फुटी डब्यांच्या हिशेबातलं माप) हाताळतं, थेसालोनिकी साधारण ५ लाख. दहापट फरक. पण पिरेअसला उतरणाऱ्या डब्यांपैकी बहुतेक डबे ग्रीसच्या जमिनीला चाकही लावत नाहीत. मोठ्या जहाजातून धक्क्यावर, तिथून जवळच्या बंदरांना माल पोहोचवणाऱ्या छोट्या जहाजात, म्हणजे फीडरमध्ये, आणि पुढं तुर्कस्तान, काळा समुद्र, इजिप्त, एड्रियाटिक. म्हणजे ते जंक्शन आहे. चिनी सरकारी कंपनी कॉस्कोनं २००९ पासून तिथले कंटेनर धक्के चालवायला घेतले, २०१६ मध्ये बंदर कंपनीतला ५१ टक्के हिस्सा घेतला आणि २०२१ मध्ये तो ६७ टक्क्यांवर नेला, ते या जंक्शनसाठीच. सुएझमधून वर आलेल्या जहाजाला युरोपात भेटणारं हे पहिलं मोठं बंदर. थेसालोनिकीचं तसं नाही. तिथं उतरलेला डबा साधारणपणे ट्रकवर किंवा रेल्वेवर चढून आत जायलाच उतरलेला असतो. ते दार आहे. जंक्शन आणि दार यांची तुलना डब्यांच्या संख्येवर केली की उत्तर चुकतंच.

आता नकाशा उघडा आणि एक नदी शोधा. स्कोप्ये शहराच्या मधून वाहते ती वर्दार. ती दक्षिणेला येते, गेवगेलियाजवळ सीमा ओलांडते, ग्रीसमध्ये तिचं नाव अक्सिओस होतं आणि थेसालोनिकीच्या पश्चिमेला ती समुद्राला मिळते. तुमच्या गिऱ्हाइकाच्या गावची नदी थेसालोनिकीच्या खाडीत येऊन पडते. डोंगराळ बाल्कनमध्ये उत्तर-दक्षिण जायला निसर्गानं ठेवलेली ही वाट आहे. १८७० च्या दशकात ऑटोमन राजवटीत रेल्वे झाली ती याच खोऱ्यातून, आजचा महामार्ग बहुतांशी याच खोऱ्यातून, आणि हिवाळ्यात अंगात कळ आणणारा 'वर्दारिस' नावाचा उत्तरेचा वारा येतो तोही यातूनच. हा वारा जोरात असला की क्रेन थांबतात. जानेवारीत एखादं जहाज दोन दिवस बाहेर नांगरून राहिलं तर एजंटवर चिडू नका.

अंतरं सांगतो. थेसालोनिकीहून सीमा ७०-८० किलोमीटर, स्कोप्ये साधारण २४०, सोफिया साधारण ३००. पिरेअसहून थेसालोनिकीलाच ५०० किलोमीटर होतात आणि मग पुढचे २४० आहेतच. समुद्रात तुम्ही जे दोन-तीनशे डॉलर वाचवाल, ते ५०० किलोमीटरच्या ट्रकभाड्यात कुठल्या कुठं जातील. पिरेअसला उतरवून पुढं फीडरनंच थेसालोनिकीला नेता येतं, अनेक लाइन्स (जहाज कंपन्या) तसंच करतात, पण मग बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती) उतरायचं बंदर थेसालोनिकीच लिहिलं जातं आणि मधली अदलाबदल लाइनची डोकेदुखी असते, तुमची नाही.

या बंदराची एक गंमत आहे आणि अडचणही तीच आहे: त्याचा बराचसा मुलूख सीमेपलीकडे आहे. शाळेत भूगोलात 'पृष्ठप्रदेश' हा शब्द घोकला होता ना, बंदराच्या पाठीमागचा जो भाग त्यातून माल आणतो-पाठवतो तो? थेसालोनिकीच्या बाबतीत त्या प्रदेशातून गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत सीमारेषा येत-जात राहिल्या. ख्रिस्तपूर्व ३१५ च्या सुमारास कॅसँडरनं हे शहर वसवलं आणि बायकोचं, म्हणजे अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीचं, नाव दिलं. रोमन काळात एड्रियाटिककडून पूर्वेला जाणारा व्हिया इग्नाशिया हा रस्ता इथून जायचा. ऑटोमन काळात तर सगळ्या बाल्कनचा माल इथं यायचा, कारण सोफिया, स्कोप्ये, बितोला सगळं एकाच राज्यात. १४९२ नंतर स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू इथं स्थायिक झाले. बंदरावरचे हमाल, मच्छीमार, व्यापारी यांत त्यांचा इतका भरणा होता, की शनिवारी बंदर बंद असे. १९४३ मध्ये जर्मनांनी त्यातल्या ४५ हजारांहून अधिक लोकांना छळछावण्यांत नेलं. त्या समाजाचं आज शहरात फार थोडं उरलंय.

१९१२ मध्ये पहिल्या बाल्कन युद्धात शहर ग्रीसकडे आलं. ग्रीसला बंदर मिळालं, पण बंदराचा मुलूख सर्बिया आणि बल्गेरियात वाटला गेला. यावर तोडगा काय काढला ते आपल्या धंद्यातल्या माणसानं बघण्यासारखं आहे. बंदरातच मुक्त क्षेत्र केलं आणि १९२३ च्या करारानं त्याचा एक तुकडा शेजारच्या सर्ब-क्रोएट-स्लोव्हेन राज्याला, म्हणजे पुढच्या युगोस्लाव्हियाला, ५० वर्षांसाठी वापरायला दिला. त्यांचा माल त्या तुकड्यात उतरायचा आणि ग्रीक जकात न भरता गाडीनं उत्तरेला जायचा. आज तुमचा डबा टी-वन कागदावर (जकात न भरता माल पार नेण्याचा युरोपीय संघाचा ट्रान्झिट कागद) सीलबंद जाईल, त्यामागची कल्पना तीच. फक्त कुंपणाच्या जागी संगणकातली नोंद आली.

ही वाट बंद पडली की काय होतं तेही तिथल्या लोकांनी पाहिलंय. युगोस्लाव्हिया फुटल्यावर स्कोप्येच्या नव्या देशानं 'मॅसिडोनिया' हे नाव घेतलं, आणि ग्रीसला ते मान्य नव्हतं, कारण थेसालोनिकी ज्या प्रांतात आहे त्याचंही नाव मॅसिडोनियाच. फेब्रुवारी १९९४ मध्ये ग्रीसनं त्या देशासाठी थेसालोनिकी बंद केलं, अन्न आणि औषधं सोडून. उत्तरेला सर्बियावर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध होतेच. म्हणजे वर्दारच्या वाटेची दोन्ही टोकं बंद. माल अल्बेनियाच्या डोंगरातून आणि बल्गेरियातून वळसा घालून जाऊ लागला. सप्टेंबर १९९५ मध्ये करार झाला आणि त्यानंतर वाट उघडली. नावाचा वाद मिटायला मात्र २०१८ चा प्रेस्पा करार यावा लागला. आता तो देश 'उत्तर मॅसिडोनिया' आहे, आणि तुमच्या कागदांवर सगळीकडे तेच नाव हवं. जुन्या सवयीनं कोणी 'फायरॉम' (वादाच्या काळातलं तात्पुरतं इंग्रजी नाव) किंवा नुसतं 'मॅसिडोनिया' टाइप करेल, ते खोडून घ्या. तिथं ही बारीक चूक नाही.

तर स्कोप्येच्या माणसाला थेसालोनिकी हे परदेशातलं एक बंदर वाटत नाही, आपलंच बंदर वाटतं. त्याचा क्लिअरिंग एजंट, त्याचा ट्रकवाला, त्याचा कस्टम ब्रोकर सगळे त्या वाटेवरचे आहेत. तुमच्या फॉरवर्डरला पिरेअसची माणसं ठाऊक असतील, गिऱ्हाइकाला ती नाहीत.

पर्याय नाहीत असं नाही. अल्बेनियाचं ड्युरेस अंतरानं स्कोप्येला फार लांब नाही, पण रस्ता डोंगराचा आणि तिकडची रेल्वे जोडणी अर्धवट. सोफियासाठी काळ्या समुद्रावरचं बुर्गास आहे, पण तिथं जायला जहाजाला बॉस्फरस ओलांडावा लागतो आणि बंदरापासूनचं अंतरही थेसालोनिकीपेक्षा जास्त. बेलग्रेडच्या वर गेलात की गणित बदलतं, तिथं कोपर, रिजेका ही एड्रियाटिकची बंदरं पुढं येतात. गिऱ्हाईक उद्या नोव्ही सादचं निघालं तर मी थेसालोनिकी डोळे मिटून सांगणार नाही.

पिरेअसचा एक अनुभव सांगतो, म्हणजे माझं मत कुठून आलं ते कळेल. २०२३ च्या उन्हाळ्यात एका पार्टीची यंत्राच्या भागांची दोन डबे खेप होती, स्कोप्येलाच. पिरेअसपर्यंत भाडं छान मिळालं आणि तिथून उत्तरेला रेल्वेनं नेऊ असं मीच सुचवलं. पिरेअसच्या कंटेनर धक्क्यापर्यंत रूळ गेलेले आहेत, बेलग्रेड-बुडापेस्टकडे मालगाड्या जातात, कागदावर सगळं सुरेख. डबे उतरले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॅनियल वादळानं मध्य ग्रीसचा थेसाली प्रांत पाण्याखाली घातला. रूळ वाहून गेले, महामार्गही काही दिवस बंद. आमचे डबे धक्क्यावर, डेमरेजचं, म्हणजे डबा पडून राहिल्याच्या दंडाचं, मीटर चालू. शेवटी ट्रक मिळाले तेव्हा सगळेच ट्रक शोधत होते, म्हणजे भाव काय असेल विचारू नका. समुद्रात वाचवलेले पैसे तीनदा गेले आणि पार्टीचा विश्वास गेला तो वेगळाच. थेसाली हा प्रांत पिरेअस आणि थेसालोनिकीच्या मध्ये आहे. डबे थेसालोनिकीला उतरले असते तर त्या पुराशी आमचा संबंधच आला नसता.

उलट बाजूही सांगायला हवी. २०१६ च्या वसंतात सीमेवर इडोमेनीला अडकलेल्या निर्वासितांनी रूळ अडवले तेव्हा दोन महिन्यांहून अधिक काळ त्या वाटेची रेल्वे बंद होती आणि गाड्या बल्गेरियातून वळवाव्या लागल्या. तेव्हा थेसालोनिकीचाही उपयोग नव्हता. दाराला एकच वाट असली की हे होणारच. म्हणून मी या भागात ठरलेल्या तारखेचा माल कधी रेल्वेच्या भरवशावर लावत नाही. २४० किलोमीटरला ट्रक बरा.

बंदर म्हणून थेसालोनिकीची मर्यादा खोलीची आहे. कंटेनर धक्क्याला पाणी साधारण १२ मीटर, त्यामुळं आजची राक्षसी जहाजं तिथं लागत नाहीत. मध्यम जहाजं थेट येतात, बाकी फीडर. मार्च २०१८ मध्ये सरकारनं बंदर कंपनीचा ६७ टक्के हिस्सा सुमारे २३.२ कोटी युरोला एका गटाला विकला. त्यात एक जर्मन गुंतवणूक कंपनी, सीएमए सीजीएम या फ्रेंच लाइनशी संबंधित टर्मिनल कंपनी आणि रशियन-ग्रीक उद्योगपती इव्हान साव्हिडिस यांची कंपनी. बंदर चालवायचा हक्क २०५१ पर्यंत. सहावा धक्का लांब आणि खोल करायचं वचन त्या सौद्यातच होतं, पण ते काम रखडत गेलं. ते पुरं होऊन मोठी जहाजं थेट लागायला लागली तर पिरेअसचा फीडर वाचेल आणि भाड्यातला आजचा फरकही आटेल. तोवर फीडरचे चार-सहा दिवस धरून चाला.

बंदराभोवतीच्या अर्थकारणाचंही थोडं सांगतो, कारण रिकाम्या डब्यांचं गणित त्यावर चालतं. शहराच्या पश्चिमेला सिंडोस ही औद्योगिक वसाहत, जवळच तेलशुद्धीकरण कारखाना. एके काळी इथं कपड्यांचे कारखाने भरपूर होते, १९९० नंतर त्यांतले बरेच स्वस्त मजुरीसाठी सीमेपलीकडे बल्गेरियात आणि स्कोप्येच्या बाजूला गेले. कारखाना गेला तरी त्याचा कपडा, धागा, तयार माल याच बंदरातून ये-जा करत राहिला. गोदामं, ट्रक, एजंट, बँका असं सेवेचं काम शहराकडे राहिलं. १९२६ पासून दर सप्टेंबरात इथं आंतरराष्ट्रीय व्यापारमेळा भरतो, आणि ग्रीसचे पंतप्रधान वर्षभराचं आर्थिक धोरण तिथल्या भाषणात मांडतात, यावरून काय ते समजा. बाहेर जाणाऱ्या मालात डबाबंद पीच, कापूस आणि संगमरवर. थासोसचा पांढराशुभ्र दगड आपल्याकडच्या बंगल्यांत तुम्ही पाहिला असेल. दगड जड, म्हणून तो वीस फुटी डब्यांत जातो. तुमचं कास्टिंगही वीस फुटीत येणार. त्यामुळं लाइनला तिथं रिकामा वीस फुटी डबा हवा असतो, आणि कधी कधी भाड्याची घासाघीस करताना हे कामाला येतं. नेहमी नाही. विचारून मात्र बघा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. पहिली गोष्ट लाल समुद्र. २०२३ च्या अखेरीस हल्ले सुरू झाल्यावर बऱ्याच लाइन्स आफ्रिकेला वळसा घालून जिब्राल्टरकडून भूमध्य समुद्रात शिरू लागल्या. त्या वाटेनं पाहिलं तर ग्रीस पहिल्या दारापासून शेवटच्या खोलीत गेला. न्हावा शेवाहून तीन-चार आठवड्यांत पोहोचणारा माल सहा-सात आठवडे घेऊ लागला, आणि अदलाबदल पिरेअसऐवजी मोरोक्को किंवा स्पेनच्या बंदरात होऊ लागली. कोणती लाइन कुठून जाते हे बुकिंगच्याच आठवड्यात विचारा, महिन्याभरापूर्वीचं उत्तर धरू नका.

दुसरी, सौद्याची अट. तुम्ही सीआयएफ थेसालोनिकी (त्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा तुमचा) विकलंत तर धक्क्यानंतरचं गिऱ्हाइकाचं, आणि तेव्हा त्याचंच ऐका, तो खर्च त्यालाच भरायचाय. डीएपी स्कोप्ये (स्कोप्येला पोहोच देण्याच्या अटीवर) विकलंत तर सगळं तुमच्या गळ्यात, आणि तेव्हा तर थेसालोनिकी सोडण्याचा विचारही करू नका. पहिल्याच खेपेला डीएपी घेऊ नका असं मी म्हणेन, पण तुमचं गिऱ्हाइकाशी नातं मला ठाऊक नाही.

तिसरी, माल नक्की कुठं जाणार. स्कोप्ये युरोपीय संघाच्या बाहेर आहे, म्हणून ग्रीसमध्ये फक्त ट्रान्झिट होईल आणि जकात तिकडं. तोच माल उद्या सोफियाला गेला तर बल्गेरिया संघात असल्यामुळं तो युरोपात आयात झाला, आणि मग लोखंडाच्या मालावर २०२६ पासून लागू असलेला कार्बनचा हिशेब (माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरचा युरोपीय संघाचा आकार) येतो. सगळ्या कास्टिंगला तो लागतो असं नाही, एचएस कोडवर (जकातीसाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक) आहे. तुमच्या सीएचएकडून (कस्टम हाउस एजंट) कोड आधी पक्का करून घ्या.

कास्टिंगवाल्यांकडून हमखास होणारी चूक वजनाची. आपण डबा भरायला बसलो की २६-२७ टन कोंबतो, जहाजाला ते चालतं. पण तिकडं रस्त्यावर ट्रकसकट साधारण ४० टनांची मर्यादा धरून चालतात. ट्रक-ट्रेलर आणि डब्याचं वजन वजा केलं की माल २३-२४ टनांवर येतो. त्यापेक्षा जास्त भरायचा असेल तर गिऱ्हाइकाच्या ट्रकवाल्याकडून लेखी होकार मागवा. थेसालोनिकीच्या धक्क्यावर डबा उघडून दोन टन उतरवायला लागले तर त्या खर्चात दुसरा डबा येईल.

आणि ऑगस्ट टाळा. १५ ऑगस्टचा मेरीमातेचा सण ग्रीसमध्ये मोठा, त्याच्या आगेमागे दोन आठवडे कचेऱ्यांत माणूस सापडत नाही. त्यांचा ईस्टरही आपल्या कॅलेंडरवर छापतात त्या तारखेला बहुतेक वेळा नसतो, ऑर्थोडॉक्स तारीख बघा.

जाता जाता, धंद्याशी संबंध नसलेलं एक. पहिल्या महायुद्धात या बंदरावर दोस्तांचं मोठं सैन्य उतरलं होतं, त्यात हिंदुस्थानी माणसंही होती. शहरात मोनास्तिर रस्त्यावर त्यांची दफनभूमी आहे. कधी गिऱ्हाइकाला भेटायला गेलात तर अर्धा तास काढा.

या खेपेसाठी फॉरवर्डरला एवढंच लिहा: उतरायचं बंदर थेसालोनिकी, बीएलवर 'इन ट्रान्झिट टू नॉर्थ मॅसिडोनिया' हा उल्लेख, आणि डबा स्कोप्येला जाऊन रिकामा परत यायला किमान चौदा दिवस डिटेन्शन फ्री (डबा बंदराबाहेर ठेवल्याचा दंड न लागणारे दिवस), जमलं तर एकवीस. भाव दोन्ही बंदरांचे मागवा, पण दोन्हीत कारखान्याच्या दारापर्यंतचा आकडा धरून. ते दोन आकडे आणि मालाचं वजन इथं टाका, मग बघू.